समोर अकरा, घरी सात

बाई, आधीच माफी मागते. शुद्धलेखन चुकणार आहे. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला चौथीपर्यंत कळलं नाही आणि नंतर कुणी विचारलं नाही. अक्षर तर तुम्ही बघितलेलंच आहे. पोषण आहाराच्या वहीतला माझा आकडा बघून तुम्ही विचारायचात, "सुगंधाताई, हा एक आहे की नऊ?" मी म्हणायची, "तुम्हीच बघा ना." एवढं बोलतानाही माझी मान खाली असायची. आज इतकं लांब लिहायला बसले आहे ते तुम्ही समोर नाही म्हणूनच. समोर असतात तर चार शब्दांत आटपलं असतं, आणि त्यातले दोन "बरं" असते.

हे कुणाला दाखवायचं नाही. आहाराचीच एक जुनी वही आहे, तिची मागची पानं कोरी होती.

तुम्ही गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. शाळेचा तो जुना ग्रुप अजून कुणी बंद केलेला नाही. सकाळी भांडी घासून हात पुसले, फोन उचलला, तर तुमचा फोटो आणि त्याच्या खाली तीच एक ओळ, तेच जोडलेले हात, एकाखाली एक, संपतच नव्हते. मीही हात शोधले. पण त्या चित्रांत हसरी तोंडं हातांच्या जवळच असतात. माझी बोटं जाड. चुकून भलतंच गेलं तर? फोन तांदळाच्या डब्यावर पालथा घातला. सगळ्या ग्रुपमध्ये माझंच नाव राहिलं असेल. सुगंधाला काही वाटलं नाही, असंही कुणाला वाटलं असेल.

त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस मला एका जागी बसवत नाही. भात चढवते आणि अंगणात येते. अंगणात आलं की वाटतं आत काहीतरी करपतंय. आत जावं तर भात अजून उकळलेलासुद्धा नसतो. आमसुलं वाळत घातली होती, ती काल दिवसभरात चारदा उलटली. नवरा फोनवर म्हणाला, "एवढी तर आई गेली तेव्हा पण नाय तळमळलीस." खरं आहे. आईचं माझ्याकडे काही राहिलेलं नव्हतं.

तुमचे बाराशे रुपये माझ्याकडे आहेत. आणि आणखी एक गोष्ट आहे, बाराशेपेक्षा जड, ती मी तुम्हाला कधीच बोलले नाही. पैसे तुमच्या घरच्यांना देता येतील. ती गोष्ट कुणाला देऊ, तेच सुचत नाही.

तो फोन कसा आला, तिथूनच लिहिते.

शाळा बंद होऊन अडीच महिने झाले होते. शाळेत मुंबईहून आलेली माणसं ठेवली होती, चौदा चौदा दिवस. माझा नवराही त्यात होता. ज्या खोलीत मी मुलांना वाढायची तिथे तो चटई टाकून झोपायचा, बाराखडीच्या तक्त्याखाली. मी जेवण कुंपणापाशी ठेवून मागे सरायची, तर खिडकीतून ओरडायचा, "गो, मला परत पहिलीत घातलंय. बाईंना सांग, हा पोरगा हुशार हाय, सोडा त्याला." आणि बाई तुम्ही तर खेडला तुमच्या घरी अडकलेल्या. गाड्या बंद.

मग मुलांना घरी वाटायच्या तांदळाचा टेम्पो आला. त्यात एक खोका होता, त्यावर माझं नाव. मला वाटलं मीठ-मसाला असेल. उघडला तर मोठा फोन. राजापूरच्या दुकानदाराला तुम्ही खेडहून सांगून तो टेम्पोत टाकायला लावला होतात. तेवढ्यात माझा बटणांचा छोटा फोन वाजला.

"मिळाला का?" तुम्ही विचारलंत.

"कोणाचा आहे?"

"तुमचा. वाडीत मोठे फोन चार, आणि चारही पुरुषांच्या खिशात. मुलं तुमचं ऐकतात. तुम्ही फक्त फोन धरून बसायचं. शिकवणार मी."

"मला नाही येत बाई."

"कुकर लावता येतो ना? त्यापेक्षा सोपं आहे."

"केवढ्याचा?"

"ते नंतर बघू."

"नाही. आधी सांगा."

माझ्याकडून "नाही" तुम्ही पहिल्यांदाच ऐकलं असेल. मग म्हणालात, "बहात्तरशे."

"मी फेडीन."

"अहो, शाळेसाठी आहे तो."

"खोक्यावर माझं नाव आहे. मी फेडीन."

तुम्हाला तो हट्ट वाटला. तुम्ही पुढे पुष्कळदा म्हणालात, सुगंधाताईंचा अभिमान मोठा. अभिमान नव्हता बाई. फुकट काही घेतलं की माझी मान आणखी खाली जाते, आणि तिला आणखी खाली जायला जागा राहिली नव्हती.

फोन कसा उघडायचा ते मला चौथीतल्या तन्वीने शिकवलं. माझ्या पडवीत बसून, माझं बोट धरून. "काकी, दाबायचं नाय. टेकवायचं. तू पोळी लाटल्यासारखं काय करतंस?"

आपली वाडी खाली व्हाळाच्या ओढ्याकाठी, म्हणून तिथे रेंज नाही. रेंज वर सड्याच्या कातळमाळावर, आणि तिथेही सगळीकडे नाही. कातळाच्या टोकाला आंब्याच्या राखणीसाठी बांधलेला तो मांगर आहे ना, त्याच्या पडवीत तेवढी धरायची. दहाला तुमचा फोन यायचा. साडेनऊला मी खालून निघायची, फोन फडक्यात गुंडाळून पोटाशी धरून, अंडी घेऊन चालल्यासारखी. मागून मुलं, डोक्यावर गोणपाटं, तोंडाला आयांनी जुन्या साड्यांचे शिवलेले मास्क. पावसात कातळ निसरडा व्हायचा. मी ओरडायची नाही, मला ओरडता येत नाही. पण मी थांबले की ती थांबायची.

पहिले आठ दिवस मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. फोन नारळाच्या करवंटीत उभा करायची आणि बाजूला सरायची, म्हणजे मी त्यात दिसू नये. तुम्ही घरातल्या कपाटाच्या दारांना काळा रंग मारून फळा केला होतात. तुमच्या यजमानांना शर्ट लागला की ते कपाट उघडायचे आणि "कमळ" शब्दातला "क" एका दारावर, "मळ" दुसऱ्या दारावर जायचा. मुलं त्याचीच वाट बघत बसायची. तुमच्या मागे स्वयंपाकघर होतं. तुम्ही वजाबाकी शिकवत होतात आणि मागे डाळीचा कुकर. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. हातचा घेण्यात तुम्ही रंगलेल्या. तिसरी झाली. मला तिथे कातळावर बसून तुमच्या डाळीचा वास यायला लागला. चौथी झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, गॅस बंद करा आधी!"

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही पळत गेलात, आलात आणि पदराने तोंड पुसत म्हणालात, "चला, बोलल्या एकदाच्या." त्या दिवशी मुलांनी मला घरापर्यंत चिडवलं. "काकी, गॅस बंद कर!"

ते दिवस आठवले की मला हसू येतं आणि लगेच उठावंसं वाटतं. आत्ताही उठून आले. दारात कुणी नव्हतं.

कधी कधी चित्र यायचंच नाही, नुसता आवाज यायचा, तोही बारीक. वाऱ्यात ऐकू जायचा नाही. मग मी खिचडीचा मोठा टोप वर नेला आणि फोन त्यात ठेवला. आवाज असा घुमायला लागला की मागच्या मुलालाही कळावं. एकदा तुमचं चित्र अचानक आलं आणि तुम्ही विचारलंत, "मला सगळीकडे चकचकीत का दिसतंय? कुठे ठेवलंय मला?"

"टोपात," तन्वी म्हणाली.

"कसल्या टोपात?"

"खिचडीच्या. काकीनं घातलंय."

तुम्ही म्हणालात, "झाकण तेवढं ठेवू नका म्हणावं."

आता ते लिहायचं आहे, जे लिहायला बसले.

पटावर अठरा मुलं. तुम्ही रोज सव्वादहाला विचारायचात, "किती?" मला बोलायची लाज, म्हणून मी आकडा टाकून पाठवायची. अठरा. तुम्ही अंगठा पाठवायचात आणि तो आकडा पुढे वर कळवायचात. सड्यावर माझ्यासमोर मात्र अकराच बसलेली असायची.

मी खोटं बोलत नव्हते, बाई. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. शाळेत मी नेहमी ताटं मोजायची. कोण आलंय ते नाही, कोण जेवणार ते. एखादं पोर तापाने घरी असलं आणि त्याची बहीण शाळेत असली, तर बहिणीच्या डब्यातून त्याचा वाटा घरी जायचा. तो वाटा मी मोजायची, कारण तो शिजवलेला असायचा. तुम्हाला ते दिसायचं. तुम्ही बोलायचा नाहीत, खिडकीबाहेर बघायचात. सड्यावर मी तसंच मोजलं. समोर अकरा. घरी सात. तन्वीची बहीण चिंगी तान्ह्या भावाला सांभाळत घरी, कारण आई काजूच्या कारखान्यात. दोघी शेळ्यांमागे. एकीला खोकला, म्हणून तिची आजी पाठवायची नाही. सातही जणांचं कुणी ना कुणी भावंड माझ्यासमोर होतं. मी रोज त्यांना बजावायची, "घरी जाऊन जसंच्या तसं सांगायचं. बाई जे बोलल्या ते सगळं. वाटेत सांडायचं नाय."

दोन-अडीच महिने असं चाललं. मग गणपती झाल्यावर एक दिवस तालुक्याचे साहेब आले. घाटी चढून घामाघूम, मास्क हनुवटीवर. त्यांनी बोटाने मोजलं. परत मोजलं.

"अकरा? कागदावर अठरा आहेत."

मी मांगराच्या खांबामागे उभी होते. मुलं माझ्याकडे बघत होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वयंपाकवालीला काय विचारायचं? ते टोपावर वाकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या ह्या टोपात किती मुलं आहेत? वाढा की जरा आम्हालाही."

तुमचा आवाज आला. "सर, मी बघते आणि कळवते."

बस. एवढंच. ते गेल्यावर तुम्ही मला विचारलंत. फोन टोपातच होता, म्हणून सगळं घुमत होतं.

"सुगंधाताई, समोर किती आहेत?"

"अकरा."

"मग सात कुठे आहेत?"

"घरी."

"घरी? मग अठरा कसे?"

"त्यांची भावंडं आहेत ना इथे. ती नेतात."

"काय नेतात?"

"धडा."

तुम्ही म्हणालात, "ताई, धडा म्हणजे खिचडी आहे का, डब्यात घालून घरी न्यायला?"

मुलं हसली. त्यांचं काय चुकलं? हसण्यासारखंच होतं. पण मी तुमचा फोन टोपातून काढून बंद केला. तुमच्या तोंडावर. आयुष्यात कुणाच्या तोंडावर मी दार लावलं असेल तर ते एकदाच, आणि तुमच्या.

दुसऱ्या दिवसापासून मी अकरा पाठवायला लागले. दुसरं अक्षर नाही. तुम्हाला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते. तुम्हाला खुलासा द्यायला सांगितलंय असं वाडीत कळलं होतं, आणि मी खांबामागून बाहेर आले नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. एक वाक्य होतं, "साहेब, मोजलं मी." तेवढं बोलायला किती वेळ लागला असता?

मग मी पोस्टात गेले आणि पाचशे रुपयांची मनिऑर्डर केली. फोनाचे पैसे. फॉर्मवर निरोपासाठी चार ओळींची जागा असते. तिथे "माझं चुकलं" असं लिहायचं ठरवून गेले होते. पण आपला पोस्टमन सगळ्यांचे निरोप वाचतो आणि पुढच्या घरी सांगतो. ती जागा मी कोरी ठेवली.

चार दिवसांनी तुमचा फोन आला.

"मनिऑर्डर? ताई, ह्या काळात मनिऑर्डर कोण करतं?"

"मी."

"आणि निरोपात काहीच नाही. एवढा राग?"

"राग नाही."

"मग हिशोब का मिटवताय?"

"मिटवत नाही. फेडते."

"तेच ते!"

तेच ते नव्हतं. पण ते समजवायला मला तुमच्यासारखं बोलता यायला हवं होतं. मग दर दोन-तीन महिन्यांनी, मानधन हातात आलं की मी पाचशे पाठवत गेले. अशा आठ मनिऑर्डरी. प्रत्येक वेळी ती जागा कोरी. तुम्ही त्या कोऱ्या जागेचा काय अर्थ लावलात, मला कधी कळलं नाही. आता कळायचं नाही.

शाळा उघडली तो दिवस मात्र लिहितेच. तुम्ही पहिल्या एस.टी.ने आलात. खोल्यांत फिनेलचा वास. मुलं वीतभर वाढलेली, तुमच्याकडे बघून लाजत होती. त्यांना तुम्ही फोनाएवढ्या असाल असंच वाटलं असेल. तुम्ही एकेकाला उभं करून वाचायला लावत होतात. चिंगीची पाळी आली. ती तुम्हाला पहिल्यांदाच बघत होती. मी तांदूळ निवडत दारात बसले होते आणि माझे हात थांबले.

चिंगीने पुस्तक नाकाशी धरलं आणि खणखणीत सुरू केलं. "मांजर दुधाच्या... दुधाच्या... ऐकू येतंय का मुलांनो? ...दुधाच्या भांड्यापाशी आलं. अहो, उजव्या कप्प्यात बघा, निळा शर्ट तिथेच आहे. ...भांड्यात पाहिलं तर काय!"

तन्वीने खरोखरच वाटेत काही सांडलं नव्हतं.

तुम्ही इतक्या हसलात की खुर्चीवर बसावं लागलं. डोळे पुसलेत. मग पुस्तकाचं दुसरंच पान उघडलंत, जे कधी शिकवलंच नव्हतं, आणि म्हणालात, "हे वाच बघू." चिंगीने वाचलं. हळूहळू, बोट ठेवून, पण वाचलं. एक ओळ, दोन ओळी.

मी दारातून म्हटलं, "नेलंन की नाही बाई डब्यातून?"

तुमचं हसू थांबलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागाने नाही. "हिने नेलं. बाकीच्या सहांचं बघू."

बघितलं. दोघींना येत होतं, अडखळत. चौघं कोरी होती. "क" आणि "फ" समोर ठेवला तर हसत बसायची. आपला वाद तिथे संपायला हवा होता. तुमचे चार, माझे तीन. पण तुम्ही त्यानंतर तो विषय काढलाच नाहीत. तुम्ही त्या चौघांना जेवण झाल्यावर माझ्या स्वयंपाकाच्या खोलीत बसवायला लागलात, मी भांडी घासत असताना, रोज एक तास. ते तुम्ही मला दाखवायला करत होतात की मला सोबत घ्यायला, ह्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मीही ऐकत होते. वेलांट्या जेवढ्या कळल्या त्या त्याच वर्षी.

तिघं वर आली. चौथी, मनाली, मधेच बापाकडे मुंबईला गेली. तिला जाताना नुसतं स्वतःचं नाव लिहिता येत होतं. ती मला अजून येता-जाता आठवते. रोज सकाळी सव्वादहाला मी तिला अठरांत धरत होते आणि ती तिकडे रानात शेळ्या राखत होती. म्हणजे तुमचंही खरं होतं बाई. माझंही थोडं होतं. पण तुमचं जास्त. हे मी चिंगीचं ऐकून फुशारकी मारली त्याच दिवशी बोलायला हवं होतं.

पुढच्या वर्षी तुमची बदली झाली, खेडकडे. तुम्हाला आनंद झाला होता आणि तो लपवताना तुमचं तोंड कसंतरीच होत होतं. त्याआधी मी दोन हजार हातात दिले होते, ते तुम्ही कुरकुरत घेतलेत. निघायच्या दिवशी उरलेले बाराशे मी पदराच्या गाठीत आणले. तुम्ही माझी मूठ धरलीत आणि बंद केलीत.

"हे राहू देत. हे द्यायला तरी खेडला याल."

"येईन."

"नुसतं येईन नको. जेवायला या. माझी करपलेली डाळ खायला या."

मी दोन वर्षं आले नाही. पैसे डब्यात होते, तेच, मोडले नाहीत. अंतर फार नव्हतं. बायकांना आता अर्धं तिकीट आहे. पण तुमच्या घरी येऊन बसायचं कुठे, खुर्चीवर की खाली, तुमच्या यजमानांशी काय बोलायचं, असलं काहीबाही मनात यायचं. आणि पैसे दिले की पुन्हा यायला कारण काय सांगू, असंही वाटायचं. तुम्ही तीनदा फोन केलात. शेवटच्या वेळी तुमचा आवाज रेंज गेल्यासारखा येत होता. मी म्हटलं, "बाई, ऐकू येत नाही नीट." तुम्ही म्हणालात, "रेंज नाही, मीच आहे तशी." मग विचारलंत, "कधी येताय?"

"भात कापून झाला की."

"बरं," तुम्ही म्हणालात.

मी तुम्हाला काय झालंय ते विचारलं नाही. मला वाटलं, विचारणं बरं दिसत नाही. माझ्या लाजेने एवढं खाल्लं आहे बाई, की आता तिचा मला रागच येतो.

ही वही चार दिवस बंद होती. आता पुढचं लिहिते.

परवा सकाळी मी उठले, पैसे घेतले आणि कुणाला न सांगता राजापूरला आले. तिथून खेडची गाडी. सगळा वेळ पैसे मुठीत होते, कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकिटाचे झाले. बाकीचे ठेवा की आत." हातखंब्याला उतरून परत फिरावं असं वाटलं, चिपळूणलाही वाटलं.

घर विचारत गेले. यजमान दुकानात होते, झेरॉक्सच्या. शर्ट निळा होता, इस्त्री नसलेला. मी पायरीवरच उभी राहिले. त्यांनीच विचारलं, "काय काढायचंय? आधार?"

"मी सुगंधा," म्हटलं. "शाळेतली. बाईंच्या."

ते खुर्चीवरून उठले. आतून स्टूल आणून ठेवलं. पाणी दिलं. मी पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हटलं, "फोनाचे. बाराशे राहिले होते."

"अहो ताई, आता कसले पैसे? ती गेली. ठेवा तुमच्याकडे."

मी नको म्हणून मान हलवली. मग म्हटलं, "भाऊ, आणखी एक आहे." आणि मी सांगितलं. सड्यावर मुलं मोजायची ती मी. अठरा कळवले ते मी. बाई इथे खेडला होत्या, त्यांना कसं दिसणार? साहेब आले तेव्हा मी खांबामागे उभी राहिले, आणि नंतरही बोलले नाही. एका दमात सांगितलं. माझी मान वर होती की खाली, ते मला आठवत नाही.

तेवढ्यात एक मुलगी पावतीची झेरॉक्स मागत आली. त्यांनी ती काढून दिली, सुटे दिले, आणि मग मशीनकडे बघत म्हणाले, "तो खुलासा मीच टाईप केला होता. ह्याच टेबलावर. 'उपस्थितीची संख्या माझ्याकडून चुकीची मोजली गेली.' मी तिला विचारलं, तू इथे घरात बसून कशी मोजलीस? म्हणाली, टाईप करा हो."

त्यांनी मशीनचं झाकण खाली केलं.

"सेवापुस्तकात नोंद झाली त्याची. मी किती वेळा म्हटलं, अर्ज कर, काढून घे ती नोंद. म्हणायची, काढायची तर तिथे दुसरं कुणाचं तरी नाव लिहायला लागेल."

"माझं होतं ते," मी म्हटलं. "माझं लिहायचं होतं."

त्यांनी मग माझ्याकडे नीट बघितलं. पैसे पुढे सरकवायला उचललेला हात तसाच थांबला. मला वाटलं, परत नको म्हणतील. पण त्यांनी नोटा उचलल्या, समोरच्या ओल्या स्पंजाला बोट लावलं आणि मोजायला लागले. शंभराच्या बारा नोटा. दुकानदार मोजतो तशा मोजल्या, एकदा, आणि उलट्या करून परत एकदा. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"बाराशे," ते म्हणाले. "बरोबर आहेत."

"झाले ना पुरे?"

"पुरे झाले, ताई. आता काही राहिलं नाही."

त्यांनी ड्रॉवर उघडला, नोटा आत ठेवल्या आणि ड्रॉवर बंद केला. मी स्टुलावरून उठले.

बाई, बहात्तरशे फिटले.